बाकडं, चौरंग आणि पेढी

आज एका शब्दाविषयी लिहायचं आहे. शब्द आपला नाही, जुन्या ग्रीकांचा आहे. 'ट्रापेझितिस'. अर्थ असा : बाजारात बसून नाणी बदलून देणारा, लोकांच्या ठेवी सांभाळणारा आणि व्याजानं पैसे देणारा. म्हणजे आपल्याकडचा सराफ अधिक सावकार, दोन्ही एकाच माणसात.

आता या शब्दाची फोड पाहा. 'ट्रापेझा' म्हणजे मेज, टेबल. त्या टेबलाचीही आणखी फोड केली तर अर्थ निघतो 'चार पायांचं'. (आपल्याकडे हिंदीवाल्यांची चारपाई म्हणजे खाट. त्यांच्या चारपाईवर बँक उभी राहिली आणि आमच्या चारपाईवर झोप. असो.) तर ट्रापेझितिस म्हणजे नुसता 'टेबलवाला'. गंमत अशी की आजही ग्रीसमध्ये बँकेच्या पाटीवर 'ट्रापेझा' हाच शब्द असतो. त्यांची रिझर्व्ह बँक म्हणजे शब्दशः 'ग्रीसचं टेबल'.

वाटलं, हा ग्रीकांचाच काही विक्षिप्तपणा असेल. पण 'बँक' हा शब्द आला इटलीतल्या 'बांको'वरून, आणि बांको म्हणजे बाकडं. ज्याचं दिवाळं निघालं त्याच्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं इटालियन मूळ 'मोडलेलं बाकडं' असं आहे. आणि आपली 'पेढी'? ती आली प्राकृतातून, मूळ संस्कृत 'पीठिका'. म्हणजे बसायचं आसन, बैठक. तीन ठिकाणचे लोक, तीन भाषा, आणि पैशाच्या धंद्याला नाव दिलं ते सोन्याचं नाही, चांदीचं नाही, तिजोरीचंही नाही. लाकडी सामानाचं! येरुशलेमच्या मंदिरात येशूनं नाणी बदलणाऱ्यांची टेबलं उलथवली ती गोष्ट मराठी बायबलात वाचली तर तिथं 'सराफ' आणि 'चौरंग' हेच शब्द भेटतात. भाषांतर करणाऱ्याला ते शोधत बसावं लागलं नसणार, इतके ते जागच्या जागी बसतात.

(सरकारी मराठीनं मधल्या काळात बँकेला 'अधिकोष' असा भारदस्त शब्द काढला होता. तो काही चलनात आला नाही. कोशात ठेव म्हणून पडून आहे.)

असं का झालं असावं, यावर माझं एक मत आहे आणि आजचा लेख त्यासाठीच आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा पैसा असतो त्याचं खरं भांडवल म्हणजे तो उघड्यावर, ठरलेल्या जागी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसतो हे. लोकांनी त्या बसण्यालाच नाव दिलं.

अथेन्सचं उदाहरण घेऊ. ग्रीसमध्ये गावोगावची नाणी वेगळी. अथेन्सच्या नाण्यावर घुबड, आणखी कुठे कासव, कुठे घोडा. व्यापारी जहाजातून उतरला की आधी टेबलवाल्याकडे जायचा. नाणं चांदीचं आहे की वरून मुलामा आणि आत तांबं, हे कोण सांगणार? यावर अथेन्सच्या लोकांनी इसवी सनापूर्वी ३७५ च्या सुमारास एक कायदा केला आणि तो दगडावर कोरून ठेवला. तो दगड १९७० साली तिथल्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात सापडला. कायदा सांगतो की नाणी पारखणारा एक सरकारी गुलाम रोज त्या टेबलांच्या मध्ये बसेल. खोटं नाणं आलं तर तिथल्या तिथं छेद देऊन ते बाद करील. त्यानं खरं ठरवलेलं नाणं जो व्यापारी नाकारील त्याचा त्या दिवसाचा माल जप्त. आणि हा पारखी जर जागेवर बसला नाही तर त्याला ५० फटके!

फटक्यांचं समर्थन करण्याचं माझं वय नाही. (शाळेत असताना मीही छडी फारशी चालवली नाही, जुने विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी यावर हसू नये.) पण कायद्याचा रोख बघा. शिक्षा जागेवर न बसण्याचीही आहे. पारख चुकवणं आणि जागा सोडणं हे त्यांना एकाच तोलाचे गुन्हे वाटले.

आपल्याकडेही हा माणूस होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याला 'रूपदर्शक' म्हटलंय. रूप म्हणजे नाणं, त्यावरूनच रुपया. पुढे मराठी राज्यात तो 'पोतदार' झाला. सरकारी खजिन्यात भरणा होणारं प्रत्येक नाणं पारखून घेणं हे त्याचं काम. गावात हे काम सोनाराकडे असे. आज पोतदार, पारखी, सराफ ही आपल्याला फक्त आडनावं वाटतात. शिक्षकांच्या यादीत, लग्नपत्रिकेत भेटणारी. पण एकेकाळी ती एकेक बैठक होती.

आणि आपली भाषा तर या बैठकीवरच वाढली आहे! एका मुलखाचं नाणं दुसऱ्या मुलखात चालवायचं तर सराफ जी घट कापून घेई तो 'बट्टा'. नावाला बट्टा लागतो तो हाच. 'खणखणीत' माणूस म्हणजे दगडावर वाजवून घेतलेलं नाणं. हुंडी 'वटते', तशी एखाद्याची गावात पत वटते. हिशेबाच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहितात, ते आपण आता पत्राच्या शेवटीही लिहितो. आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असे की मराठी माणूस व्यापारात मागे आहे. असेल. पण त्याची बोली तरी पक्की सराफकट्ट्यावरची आहे.

आता राळेगावकडे येऊ. आमच्या तालुक्याच्या कडेनं वर्धा नदी वाहते. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहानं नागपूरकर भोसल्यांना नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि नदी ही हद्द ठरली. अलीकडे निझामाचा वऱ्हाड, पलीकडे भोसल्यांचं नागपूर राज्य. म्हणजे या तीरावर निझामाचा शिक्का आणि त्या तीरावर नागपुरी रुपया. हिंगणघाटचा कापूस तेव्हा देशभर नावाजलेला. नदी उतरून पलीकडे माल विकला की हातात दुसऱ्या राज्याचा पैसा. तो आपल्याकडे चालवायचा तर मध्ये सराफ हवाच. आज आपण पूल ओलांडून तासाभरात हिंगणघाटला जातो आणि मोबाईलवर पैसे पाठवतो, तेव्हा या बट्ट्याची आठवण कुणाला येणार?

पण नाणी बदलणं हा अर्धाच धंदा. अवघड अर्ध पुढे आहे. दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणं आणि तिसऱ्याला देणं.

अथेन्समधल्या टेबलवाल्यांत सगळ्यात गाजला पासिओन. मूळचा गुलाम. दोन सराफांच्या पदरी काम करता करता हिशेबात इतका तयार झाला की त्यांनी त्याला मुक्त केलं आणि पुढे पेढी त्याच्याकडेच आली. ढाली बनवण्याचा कारखानाही त्यानं काढला, नगराला हजार ढाली दिल्या, आणि शेवटी अथेन्सचं नागरिकत्व मिळवलं. परक्या गुलामाला ते मिळणं म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट. त्याचा स्वतःचा गुलाम फोर्मिओन, तोही पुढे मुक्त होऊन तीच पेढी चालवू लागला. म्हणजे ज्या धंद्याकडे प्रतिष्ठित लोक नाक मुरडून बघत, तो धंदा गुलामांनी सचोटीनं केला आणि वर आले, असं म्हणायला हवं... पण थांबा. याच पासिओनवर एका तरुण परदेशी ठेवीदारानं दावा लावला की माझी ठेव यानं दाबली. ते भाषण इसोक्रातिसनं लिहून दिलं आणि ते आजही वाचायला मिळतं. त्यात एक वाक्य या अर्थाचं आहे की टेबलवाल्यांशी व्यवहार साक्षीदाराशिवाय होतात. वाचून मी चमकलो. टेबल भर बाजारात, पण ठेवीचा व्यवहार दोघांतच. मग आधार कशाचा? वहीचा. कुणी किती ठेवले, कुणाला द्यायचे, हे पेढीवाला वहीत टिपून ठेवी आणि भांडण झालं की कोर्टात ती वही निघे. वही त्याच्याच हातची असली तरी. टेबल उघडं असलं तरी वही उघडी असेलच असं नाही, हा या धंद्याचा जुना आजार आहे.

यावर आपल्या महाराष्ट्रात सुमारे १९०० वर्षांपूर्वी एकानं जे केलं ते मला फार आवडतं. नाशिकच्या पांडवलेण्यात १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी ३००० काहापण (त्या काळचं नाणं) कायम ठेव म्हणून गुंतवले. कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. बँक नव्हे, विणकर! त्यातले २००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल हलवायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज २४०, त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ काहापण चीवरासाठी. मी गणित करून पाहिलं, चोख जमतं. आणि हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं आणि वर लेण्याच्या भिंतीवर कोरलं. कुणाकडे किती ठेवले, दर काय, व्याज कुणासाठी, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावं असं. वही नुसती उघडी नाही, दगडाची!

शेकडा एक महिना म्हणजे वर्षाला १२ टक्के. शेकडा पाऊण म्हणजे वर्षाला ९. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत.

आपला वऱ्हाड मात्र या बाबतीत कमनशिबी. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात, पण ही कुऱ्हाड वेळोवेळी गहाण पडलेली आहे. निझामाचा खजिना रिकामा होई तेव्हा तो हैदराबादच्या सावकारांकडून पैसे उचले आणि वऱ्हाडचा वसूल त्यांच्याकडे लावून देई. आधी पूरणमल नावाचा सावकार, मग पेस्तनजी आणि कंपनी ही पारशी पेढी. याच पेढीनं १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात मुंबईला नेला, तेही खरं. मग १८५३ मध्ये इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं देणं थकलं म्हणून निझामानं आख्खा वऱ्हाडच त्यांच्या ताब्यात दिला, आणि १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्ट्यानं गेला. हैदराबादेत कुणीतरी कर्ज काढायचं आणि फेडायचं आमच्या वावरातल्या बोंडांनी. शेतकऱ्याला ना ते टेबल दिसलं, ना ती वही.

आता अलीकडची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी, मृगाच्या आधी, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव सांगत नाही. वर्गात गणितात बरा होता. हातात स्टँपपेपरची गुंडाळी.

"गुर्जी, साक्षीदार म्हून सही पायजे तुमची."

कागद उलगडून पाहिला तर खरेदीखताचा मसुदा. तीन एकर वावर विकल्याचा. मी विचारलं, वावर विकतोस?

"विकत नाई गुर्जी. नावापुरती खरेदी हाये. पैसे फेडले का वावर वापस."

पैसे देणाऱ्याचं नाव वाचलं. त्याच्या घरावर सावकारीची पाटी नाही, परवाना नाही, वही असेल तर ती कुणी पाहिलेली नाही. व्यवहार सगळा त्याच्या माजघरात. मी दर विचारला. "शेकडा पाच," तो म्हणाला.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आयुष्यभर मी मुलांना सरळव्याज शिकवलं. पुस्तकात दर नेहमी 'द.सा.द.शे.' असतो. दर साल दर शेकडा. गावात कुणी साल म्हणत नाही. 'शेकडा पाच' म्हणजे दर महिना, आणि महिना हा शब्द कुणी उच्चारत नाही, तो गृहीत असतो. पुस्तकातला पाच आणि माजघरातला पाच यांत बारा पटींचा फरक आहे. वर्षाला ६० टक्के. त्याला समोर बसवून कागदावर मांडून दाखवलं. त्याला ते आधीच ठाऊक होतं.

मी सही करणार नाही म्हणालो आणि त्याला कायदा सांगितला. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे. परवाना असलेल्यानंही वही ठेवायची, पावती द्यायची, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही. (हा आपला जुना दामदुपटीचा नियम, हिंदू धर्मशास्त्रातला.) शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, तारण नसेल तर १२ टक्के, यापेक्षा जास्त नाही. बघा, आले की नाही ते दोन आकडे परत! उषवदाताचे पाऊण आणि एक. अवैध सावकारीतून असं खरेदीखत करून घेतलेलं असेल तर जिल्हा उपनिबंधक ते रद्द करून जमीन परत देऊ शकतो, हेही या कायद्यात आहे. मी त्याला म्हणालो, उद्या अडचण आली तर तक्रार करता येते.

त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तकरार करीन, गुर्जी. मंग पुढच्या सालची पेरनी कोनाच्या भरोशावर करू?"

मला उत्तर सुचलं नाही. चहा घेऊन तो गेला. सही दुसऱ्या कुणाची तरी झाली असेल.

आता बँक काय करत होती, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तीन खेपा झाल्या होत्या त्याच्या. एकदा साहेब रजेवर, एकदा लिंक नाही, एकदा जुनं कर्ज थकीत म्हणून नवं नाही. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. या योजनेला नाव आहे डॉ. पंजाबराव देशमुखांचं. शून्य टक्क्यांचं टेबल आणि साठ टक्क्यांचं माजघर एकाच गावात आहेत, आणि माणूस माजघरात जातो. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या रांगेत उभं राहून बघावं. माजघर रात्री दहालाही उघडं असतं. घरात कुणाला साप चावला, दवाखान्यात नेलं, तर पैसा तिथूनच निघतो. सावकाराला नुसत्या शिव्या घालून हा हिशेब संपत नाही.

पंजाबरावांचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९३० ते ३३ ते मध्य प्रांताच्या सरकारात मंत्री होते. त्या काळात कापसाचे भाव कोसळले होते आणि शेतकरी कर्जात बुडाला होता. १९३३ मध्ये कर्ज लवादाचा कायदा झाला, त्यामागे त्यांची मोठी खटपट होती. त्यात काय होतं? लवाद मंडळापुढे ऋणको आणि धनको दोघांनी समोरासमोर बसायचं, कागद पुढे टाकायचे, आणि फेडता येईल अशी रक्कम नि हप्ते ठरवायचे. पाठोपाठ १९३४ मध्ये सावकारांसाठी कायदा झाला, त्यात वही ठेवणं आणि दरवर्षी ऋणकोला हिशेबाचा उतारा देणं आलं. मला यातला 'समोरासमोर' हा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याआधी १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरांतून आधी रोखे आणि खतं काढून जाळली. त्यांचा राग माणसाइतकाच, किंबहुना जास्त, त्या न दिसणाऱ्या, न वाचता येणाऱ्या कागदावर होता.

कर्जमाफ्या मी बऱ्याच पाहिल्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आमच्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची राज्याची, २०१९ ची राज्याची. या माफ्या नकोत असं मी म्हणणार नाही. ज्या घरात माणूस गेला आहे त्या घरासमोर उभं राहून तसं म्हणता येत नाही. पण २०१५ ची एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकाराकडचं कर्ज सरकार भरणार, अशी योजना आली. अट अशी की सावकार परवानाधारक हवा. अट योग्यच, सरकार बेकायदा कर्ज कसं फेडणार? पण परिणाम काय? ज्यांचं कर्ज टेबलावरचं होतं त्यांचं फिटलं. ज्यांचं माजघरातलं होतं, म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त होती, त्यांचं कर्ज सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं.

ठेवींच्या बाजूचंही दोन ओळींत सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे पेन्शनवाले बरेच आहेत. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे (२०२० पर्यंत ते फक्त एक लाख होतं), त्याच्यावरचे पैसे दिवाळखोरीच्या हिशेबातून येतील तेव्हा. तेव्हा सगळी पुंजी एकाच बाकड्यावर ठेवू नये, बाकडं कितीही ओळखीचं असलं तरी. आमच्या धाकट्या भावानं व्याज अर्धा टक्का जास्त म्हणून सगळं एकीकडेच ठेवलं आहे, तो हे वाचतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

हल्ली सूनबाई म्हणते, बाबा, टेबलाचं काय घेऊन बसलात, बँक आता मोबाईलमध्ये आहे. खरं आहे. भाजीवालीकडेही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो आणि मीही त्यावर पैसे देतो, सोयीचं आहे. सुट्ट्याची कटकट गेली, म्हणजे एका अर्थानं सराफाचं जुनं काम त्या कागदानं संपवलं. पण कर्ज मागायला आलेल्या माणसाला मोबाईल 'नाही' म्हणतो तेव्हा का नाही ते सांगत नाही. टेबलाच्या पलीकडे माणूस असला की निदान विचारता तरी येतं. भांडता येतं. दुसऱ्या दिवशी परत येऊन उभं राहता येतं. मोबाईलवर कर्ज देणारी जी ॲप निघाली आणि ज्यांच्या वसुलीच्या धमक्यांच्या बातम्या आपण वाचल्या, ती म्हणजे माझ्या मते माजघरच आहे. फक्त खिशातलं.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि ती मी तहसीलच्या लोकांनाही तोंडी सांगून झालो आहे. मे महिन्यात, पेरणीच्या आधी, चार आठवडे, आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच एक टेबल लावा. त्यावर पीककर्जाचे अधिकार असलेला बँकेचा माणूस बसेल. शेजारी सहकार खात्याचा सहायक निबंधक आणि तलाठी, सात-बाऱ्यासह. अर्ज तिथेच घ्यायचा, कागद कमी असेल तर कोणता ते तिथेच लिहून द्यायचं, आणि नकार असेल तर कारण सही करून द्यायचं. परवानाधारक सावकारांनीही याच रांगेत आपापली टेबलं लावावीत, उजळ माथ्यानं. धंदा कायदेशीर आहे तर माजघर कशाला? आणि प्रत्येक टेबलासमोर फळ्यावर खडूनं दर लिहायचा. 'द.सा.द.शे.' असा नको, ते गावाला लागू पडत नाही. 'शंभराला महिन्याला पाऊण रुपया', 'शंभराला महिन्याला एक रुपया', असा. बारा आणे म्हटलं तर म्हाताऱ्यांनाही कळेल. जो माणूस शेकडा पाच घेतो त्यानं त्या रांगेत बसून पाच लिहून दाखवावं.

तहसीलमधल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं. म्हणाले, गुरुजी, कल्पना चांगली आहे, पण टेबल-खुर्च्यांची तरतूद कुठून करायची? मी सांगितलं, शाळेतून न्या. मे महिन्यात रिकामीच असतात.